संरक्षणाचा हिशेब मांडणारा विठाईंचा मुलगा

मैत्रिणींनो, संरक्षण, तंत्रज्ञान, शस्त्रखरेदी असले शब्द बातम्यांत आले की आपल्यापैकी बऱ्याचजणी रिमोट उचलतात. ही दिल्लीतल्या मोठ्या लोकांची कामं, आपल्याला त्यातलं काय कळणार, असं आपण धरूनच चालतो. पण आमच्या लोहाऱ्यात भल्या पहाटे रस्त्यावर भरतीसाठी पळणारी पोरं बघितली की मला वाटतं, हा विषय आपल्या घरातलाच आहे. पोरगं उद्या सीमेवर उभं राहील तेव्हा त्याच्या हातात कोणती बंदूक असेल, पायात कसले बूट असतील, हे कुणीतरी कुठेतरी बसून ठरवतंच ना? एकदा फार अवघड वेळी ते ठरवायची जबाबदारी आपल्या मराठी मातीतल्या माणसावर आली होती. ते म्हणजे यशवंतराव चव्हाण.

आपण त्यांना ओळखतो ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री म्हणून. मराठवाडा हैदराबाद राज्यातून १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, तेव्हा मुख्यमंत्री तेच होते. १९५८ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, विद्यापीठ झालं तेही त्यांच्याच काळात. मी कला शाखेची पदवी घेतली तेव्हा पुस्तकात त्यांच्याबद्दल एवढंच वाचलं होतं. त्यांची संरक्षणमंत्रीपदाची चार वर्षं मला नंतर कळली, आणि ती मला जास्त मोलाची वाटतात.

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ चा, देवराष्ट्रे गावातला. वडील प्लेगात गेले तेव्हा हे अगदी लहान होते. आई विठाईंनी कराडमध्ये कष्टात मुलं वाढवली. ओव्या म्हणत दळण दळणारी ती माउली. एकोणिसाव्या वर्षी, १९३२ मध्ये, स्वातंत्र्यलढ्यात या मुलाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांनी पुस्तकं वाचून काढली. पुढे वकील झाले. २ जून १९४२ ला फलटणच्या वेणूताईंशी लग्न झालं आणि दोनच महिन्यांत चले जाव चळवळ पेटली. नवरा भूमिगत, म्हणून जानेवारी १९४३ मध्ये पोलिसांनी वेणूताईंनाच पकडून नेलं. अंगावरची हळद नीट उतरली नव्हती त्या नव्या नवरीची! त्या दिवसांनी त्यांची तब्येत बिघडली ती कायमचीच. त्यांना मूलबाळ झालं नाही. पण वेणूताईंनी कधी कुरकुर केल्याचं ऐकिवात नाही.

आता १९६२ कडे येऊ. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. आपले जवान शूर होते, पण बर्फात लढायला त्यांच्याकडे पुरेसे गरम कपडे नव्हते आणि हातात जुन्या पद्धतीच्या थ्री-नॉट-थ्री रायफली होत्या. हजारांहून जास्त जवान गेले. देशभर बायकांनी अंगावरचे दागिने काढून संरक्षण निधीला दिले, जवानांसाठी स्वेटर विणले. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना पद सोडावं लागलं आणि पंडित नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं लोक म्हणू लागले. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, त्याच सुमारास चीनने युद्धबंदी जाहीर केली. लढाई थांबली होती, पण सैन्याचं मन खचलं होतं. पुढच्या वर्षी नाशिककरांनी त्यांना लोकसभेवर बिनविरोध निवडून दिलं.

विचार करा, हा माणूस ना सैनिक, ना इंजिनिअर. विमान, रडार, तोफा यातलं शिक्षण नाही. तरी निर्णय त्यांनाच घ्यायचे होते. त्यांनी सेनापतींच्या कामात ढवळाढवळ केली नाही, पण त्यांच्याशी सतत बोलणं ठेवलं. तिन्ही दलांचे प्रमुख, अधिकारी, शास्त्रज्ञ यांचं ऐकायचं, विचारायचं आणि मग ठरवायचं, ही त्यांची रीत. आपल्याला एखादी गोष्ट येत नाही म्हणून ती विचारायचीच नाही, असं त्यांनी केलं नाही.

त्यांनी सगळ्यात मोठं काम केलं ते नियोजनाचं. पाहुणे दारात आल्यावर पीठ दळायला धावणं वेगळं आणि वर्षाचं धान्य निवडून भरून ठेवणं वेगळं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. संरक्षणातही तेच. १९६४ ते १९६९ अशी पाच वर्षांची संरक्षण योजना आखली गेली. सैन्य सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवायचं, डोंगरात लढणाऱ्या खास तुकड्या उभ्या करायच्या, हवाई दल ४५ स्क्वाड्रनचं करायचं आणि जुन्या रायफली बदलायच्या, असं त्यात ठरलं.

पण हे सामान आणायचं कुठून? १९६४ च्या मे महिन्यात यशवंतराव अमेरिकेला गेले. ते तिथे असतानाच नेहरू गेल्याची बातमी आली आणि त्यांना परतावं लागलं. अमेरिकेने आपल्याला हवी ती स्टारफायटर विमानं काही दिली नाहीत. मग ते रशियाला गेले. मिग विमानांचा करार आधीच झाला होता, त्याचे कारखाने आता उभे राहू लागले. सांगाडा नाशिकजवळच्या ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबादला. वरणगाव, भंडारा इथले दारूगोळ्याचे कारखानेही याच काळातले. उसन्या पिठावर किती दिवस भाकरी थापणार, हाच त्यामागचा विचार.

त्याची कसोटी १९६५ ला लागली. १ सप्टेंबरला पाकिस्तानने छांबमध्ये रणगाडे घुसवले. हवाई दल वापरलं तर युद्ध पेटणार, नाही वापरलं तर जवान मरणार. त्या संध्याकाळी यशवंतरावांनी थोड्याच वेळात विमानांना परवानगी दिली. या युद्धात बंगळुरूच्या कारखान्यात बांधलेल्या छोट्याशा नॅट विमानांनी पाकिस्तानच्या अमेरिकन सेबर विमानांना जेरीस आणलं. अमेरिका आणि ब्रिटनने तर ऐन लढाईत शस्त्रपुरवठाच थांबवला. स्वतःच्या कारखान्याची किंमत तेव्हा सगळ्यांना कळली.

एक गोष्ट मात्र मला खटकते. १९६२ मध्ये काय चुकलं याची लष्करी चौकशी झाली होती. प्रशिक्षण, साहित्य, हुकुमाची पद्धत, जवानांची शारीरिक तयारी आणि सेनापतींची कुवत, असे तिचे मुद्दे होते. २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी संसदेत तिचं सार सांगितलं, पण मूळ अहवाल गोपनीय ठेवला. सैन्याचं मनोबल खचू नये आणि शत्रूला फायदा होऊ नये, हे कारण तेव्हा पटण्यासारखंही होतं. पण त्यानंतर साठ वर्षं उलटली तरी सरकारने तो खुला केलेला नाही. ज्या आईचा मुलगा तिथे बर्फात राहिला, तिला पुरतं उत्तर मिळालंच नाही. गुपित किती ठेवायचं आणि लोकांना किती सांगायचं, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे. तो विचारणं म्हणजे देशाविरुद्ध बोलणं नव्हे.

यशवंतराव नोव्हेंबर १९६६ मध्ये गृहमंत्री झाले, पुढे अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री, उपपंतप्रधानही. १ जून १९८३ ला वेणूताई गेल्या आणि ते आतून कोसळले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

ओझरला घडलेली मिग-२१ विमानं सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. पुढच्याच महिन्यात तिथूनच तयार झालेलं तेजस आकाशात झेपावलं. साताऱ्याची सैनिक शाळा ही देशातली पहिली. यशवंतराव मुख्यमंत्री असताना १९६१ ला ती सुरू झाली. आता अशा शाळांत मुलीही शिकतात. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली.

म्हणजे आता मुलगाच नाही, लेकही सीमेवर जाणार. मग बजेटमध्ये संरक्षणाचा आकडा आला, ड्रोनची, नव्या विमानांची चर्चा लागली, तर रिमोट खाली ठेवून ती ऐकू या. बचत गटात आपण पै-पैचा हिशेब विचारतोच की. तोच हिशेब इथेही विचारायचा. समजलं नाही तर पोरांना विचारू, शाळेतल्या गुरुजींना विचारू, मतं मागायला दारात येणाऱ्या पुढाऱ्यालाही विचारू. विठाईंच्या मुलाला विचारायची लाज वाटली नाही, आपण का लाजायचं?