डॉ. पिशारोटी आणि आकड्यांची मोजपट्टी

संशोधकाची थोरवी मोजावी कशी? आजकाल या प्रश्नाला एक सोपे उत्तर दिले जाते. त्याच्या निबंधांचा उल्लेख इतरांनी आपल्या निबंधांत किती वेळा केला, ते मोजावे. १९६४ साली युजीन गारफील्ड यांनी अमेरिकेत अशा उल्लेखांची मोठी सूची सुरू केली. २००५ साली हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच-निर्देशांक' सुचवला. ज्याच्या दहा निबंधांना प्रत्येकी निदान दहा उल्लेख लाभले, त्याचा निर्देशांक दहा. नेमणुका आणि बढत्या यांच्या वेळीही आता या आकड्यांची चौकशी होते. म्हणून ही मोजपट्टी मी एका मोठ्या माणसाच्या चरित्राशेजारी ठेवून पाहणार आहे.

पिशारोथ राम पिशारोटी यांचा जन्म केरळातील कोल्लेनगोडे येथे १९०९ साली झाला. मद्रासच्या लॉयोला महाविद्यालयात ते पदार्थविज्ञानाचे अध्यापक होते. सुटीत ते बंगलोरला जाऊन सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या हाताखाली काम करीत. १९४२ साली ते हवामान खात्यात आले. पुढे कॅलिफोर्नियात ब्यर्क्नेस यांच्यासारख्या गुरूंच्या सहवासात त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९६२ साली पुण्यात उष्णकटिबंधीय हवामानशास्त्राची संस्था निघाली, तेव्हा तिचे पहिले संचालक तेच झाले.

१९५७ साली असनानी यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले की, मान्सूनच्या कमी दाबाच्या क्षेत्रात सर्वाधिक पाऊस नैर्ऋत्य भागात पडतो. तो निबंध आजही अभ्यासकांच्या संदर्भांत येतो. त्यांचा दुसरा गाजलेला विचार अरबी समुद्राविषयीचा. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या बाष्पाचा मोठा वाटा याच समुद्राच्या बाष्पीभवनातून येतो, असे त्यांनी १९६५ साली मांडले. पुढे इतरांनी हिशेब मांडले, आणि १९८१ साली कादे व रेव्हर्दँ यांनी विषुववृत्तापलीकडून येणाऱ्या बाष्पाला जास्त वाटा दिला. या वादात पिशारोटींचे नाव वारंवार येते. कधी आधारासाठी, कधी खंडनासाठी. मोजणाऱ्या यंत्राला मात्र दोन्ही उल्लेख सारखेच! माझ्या मते इथे आकडा अपुरा पडतो, पण खोटा ठरत नाही. ज्याचे खंडन करण्यासाठी इतरांना कंबर कसावी लागते, तो विचार क्षुद्र नसतोच.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९६७ साली, ते निवृत्त झाले. तेव्हा विक्रम साराभाईंनी त्यांना अहमदाबादला बोलावले आणि त्यांचे दुसरे आयुष्य सुरू झाले. केरळातील माडांना 'रूट विल्ट' हा रोग ग्रासत होता. निरोगी पान अवरक्त किरण भरपूर परावर्तित करते आणि खास फिल्मवर ते लाल उमटते. रोगट झाडाचा रंग फिका पडतो. १९७० च्या सुमारास पिशारोटींनी हेलिकॉप्टरमधून माडांच्या बागांची अशी छायाचित्रे घेतली. जमिनीला हात न लावता पिकाचा रोग ओळखण्याचा हा आपल्या देशातला आरंभीचा प्रयोग. त्यातूनच भारतीय दूरसंवेदनाची वाट निघाली. १९८८ साली 'आयआरएस-१ए' हा दूरसंवेदन उपग्रह बैकानूरहून अवकाशात गेला.

आता मोजपट्टी लावा पाहू. उपग्रहाचे चित्र पाहून पिकांचा अंदाज बांधणारा अधिकारी तळटीप लिहीत नाही. ज्याच्या विहिरीची जागा अशा चित्रावरून ठरली, तो शेतकरी कोणाच्या निबंधाचा हवाला देत नाही. शिवाय एखादे ज्ञान सर्वांचे झाले की मूळ माणसाचे नाव गळून पडते. पायाचा दगड दिसत नाही, म्हणून तो नाही असे कोण म्हणेल?

पिशारोटींना १९७० साली पद्मश्री आणि १९८९ साली जागतिक हवामान संघटनेचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. २००२ साली पुण्यात ते निवर्तले. एच-निर्देशांक त्यानंतर तीन वर्षांनी आला.

विद्यार्थी मित्रहो, उल्लेखांची मोजणी मी टाकाऊ मानत नाही. ग्रंथालयात कोणता निबंध आधी उघडावा, हे ती चांगले सांगते. पण कोणता प्रश्न हाती घ्यावा, हे तिला विचारू नका. पिशारोटींनी ते रोगट माडांना विचारले होते.