कूर्चा नुसती झिजत नाही

गुडघ्यातली गादी झिजली, असे आपण सहज म्हणून जातो. टायर घासावा तशी हाडांच्या टोकांवरची कूर्चा वयानुसार घासते, अशीच बहुतेकांची समजूत असते. कूर्चेच्या नाशाची दुसरी बाजू उजेडात आणणाऱ्यांमध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑनर फेल यांचे नाव मोठे आहे.

फेल यांचा जन्म १९०० मध्ये यॉर्कशायरमध्ये झाला. नऊ भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. एडिनबरो येथे प्राणिशास्त्र शिकून १९२३ मध्ये त्या केंब्रिजला डॉ. थॉमस स्ट्रेंजवेज यांच्या संस्थेत आल्या. संधिवाताच्या रुग्णांसाठी सुरू झालेले ते छोटे रुग्णालय तोवर प्रयोगशाळा झाले होते. स्ट्रेंजवेज १९२६ मध्ये वारले आणि तिशी गाठण्याआधीच फेल संस्थेच्या संचालक झाल्या. १९७० पर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली.

कोंबडीच्या गर्भातली इवलीशी हाडे काचेच्या बशीत जिवंत ठेवून वाढवणे, ही त्यांची हातोटी होती. १९५२ मध्ये एडवर्ड मेलनबी यांच्यासह त्यांनी दाखवले, की जीवनसत्त्व ‘अ’ अति झाले तर बशीतल्या कूर्चेचा गाभा विरघळतो. तिथे ना वजनाचा भार होता, ना घर्षण. कूर्चेला पोखरणारी विकरे तिच्या स्वतःच्या पेशींतूनच बाहेर पडतात, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले.

निवृत्तीनंतरही त्यांचे काम थांबले नाही. १९७७ मध्ये, वयाच्या ७७व्या वर्षी, सहकारी जब यांच्याबरोबर त्यांनी कूर्चा आणि सांध्याचे आतले अस्तर एकाच बशीत ठेवले. मृत कूर्चा अस्तराला चिकटून असेल तरच नष्ट होई. जिवंत कूर्चा मात्र दूर ठेवली तरी नष्ट होऊ लागे. म्हणजे अस्तरातून काही तरी संदेश जात होता आणि तो मिळताच कूर्चेच्या पेशी आपलेच घर पाडत होत्या. हा संदेश म्हणजे दाह पेटवणारे ‘इंटरल्युकिन-१’ हे प्रथिन होते, हे १९८०च्या दशकात कळले. एप्रिल १९८६ मध्ये फेल यांचे निधन झाले.

गुडघ्याच्या झिजेच्या अनेक रुग्णांत अस्तराला असा दाह आढळतो. एकदा कूर्चेचे कण सुटले, की अस्तर चिडते. चिडलेले अस्तर कूर्चा आणखी पोखरते. शरीरातली चरबीही दाहकारक द्रव्ये सोडते. म्हणूनच स्थूल व्यक्तींमध्ये, ज्यांच्यावर वजन पडत नाही त्या बोटांच्या सांध्यांतही हा विकार जास्त दिसतो.

हे चक्र कायमचे थांबवणारे औषध अजून हाती नाही. पण गादी झिजली म्हणून खुर्चीला खिळून बसणे हा उपाय नव्हे. वजन उतरवणे, मांडीचे स्नायू बळकट करणे आणि झेपेल तेवढे रोज चालणे, यांनी वेदना कमी होतात आणि गुडघा अधिक काळ साथ देतो.