पहिल्या धारेचे फूल

मे महिन्यात आमचे चिरंजीव पुण्याहून धाटावला आले ते सामानात स्टीलचे एक लांबट, झाकणबंद भांडे घेऊन. आमच्या सौभाग्यवतींना वाटले, ताकासाठी काहीतरी नवीन निघाले असेल. तो निघाला कॉकटेलचा शेकर. त्याच पिशवीत गोव्याहून आणलेली माडाच्या फेणीची बाटली होती. मी आधी पावती आणि परवाना पाहिला आणि मगच बाटलीला हात लावला. बँकेतली सवय, दुसरे काय!

रात्री जेवणाआधी प्रयोग झाला. दोन माणसांना पुरेल अशी साठेक मिलिलिटर फेणी, मोठा चमचाभर कोकमाचे आगळ, अर्ध्या लिंबाचा रस, एकास एक प्रमाणात केलेला साखरेचा पाक आणि मूठभर बर्फ. शेकर हाताला गारठा झोंबेपर्यंत हलवायचा, मग गाळून उंच पेल्यात ओतायचे आणि वर सोडा. पेल्याच्या काठाला मीठ. हलवण्यामागे शास्त्र आहे म्हणे. बर्फाचे थोडे पाणी होऊन ते मद्यात मिसळते, तिखटपणा मोडतो आणि आंबट-गोडाची गाठ नीट बसते. सौभाग्यवती आणि नातू यांच्या वाट्याला तेच, पण फेणीवाचून.

चिरंजीवांच्या मते हा सारा प्रकार अगदी नवा, मुंबईच्या हॉटेलांतून नुकताच निघालेला. मला मात्र त्या लालभडक पेल्याकडे पाहताना एका माणसाची आठवण झाली. त्या पेल्यातल्या दोन मुख्य जिनसा, माडाची दारू आणि भिरंड, ह्या दोहोंची छापील नोंद एका युरोपीय वैद्याने गोव्यात बसून १५६३ सालीच करून ठेवली आहे. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. पणजीच्या चर्चसमोरच्या बागेत आपल्यापैकी पुष्कळ जण चणे-फुटाणे खात बसले असतील. ती बाग ह्याच माणसाच्या नावाची.

गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द व्हीद ह्या डोंगराळ गावी झाला. आईबाप मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा ते सीमा ओलांडून पोर्तुगालात आले. पाचच वर्षांनी, १४९७ मध्ये, तेथेही सक्तीने बाप्तिस्मा झाला. म्हणजे गार्सिया जन्मला तो ख्रिस्ती म्हणूनच, परंतु समाजाच्या खातेवहीत त्या घराण्याची नोंद नवख्रिस्ती अशी. हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या पुसला जात नसे. मुलगा हुशार. सालामांका आणि आल्काला येथे शिकला, वैद्य झाला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवूही लागला. पण नवख्रिस्तींवरची नजर दिवसेंदिवस कडक होत होती. १५३४ च्या मार्चमध्ये मार्तिम आफोन्सो द सौझा ह्या सरदाराचा वैद्य म्हणून तो गलबतावर चढला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. त्यानंतर त्याने मायदेश पाहिला नाही.

येथे आल्यावर ह्या माणसाने जे केले ते त्याच्या आधी फारसे कोणी केले नव्हते. त्याने विचारायला सुरुवात केली. बाजारातल्या गुजराती व्यापाऱ्याला, हिंदू वैद्याला, घरातल्या मोलकरणीला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या पदरी असलेल्या हकिमांना. हा निजामशहा त्याचा रोगीही होता आणि स्नेहीही. आमच्या धाटावच्या अंगणाखालून वाहणारी कुंडलिका रोह्यावरून पुढे जात रेवदंड्याला समुद्राला मिळते. तेथले चौल म्हणजे निजामशाहीचे बंदर, आणि बंदराच्या तोंडाशीच पोर्तुगीजांचा कोट. नगरचा घाटमाथा आणि गोव्याचा दर्या यांची गाठ पडायची ती ह्या खाडीत. पलीकडच्या कोर्लईत आजही काही घरांतून पोर्तुगीजातून निपजलेली बोली ऐकू येते. आम्ही मासळी आणायला जातो तेव्हा दोन बायकांचे बोलणे कानावर पडले की क्षणभर थांबायला होते.

गार्सियाच्या ग्रंथाचे नाव मराठीत सांगायचे तर भारतातील औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. १० एप्रिल १५६३ रोजी तो गोव्यात छापून झाला. भारतात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी हा एक. मुद्रणदोष इतके की शुद्धिपत्रकालाच पानेच्या पाने लागली. (लेखक म्हणून माझ्या मनाला ह्या गोष्टीने फार दिलासा मिळतो.) सारे पुस्तक गप्पांचे. एक स्वतः गार्सिया आणि दुसरा रुआनो नावाचा काल्पनिक मित्र, स्पेनहून नुकताच आलेला, पोथीपंडित. तो ग्रीक-रोमन ग्रंथांचे दाखले देतो आणि गार्सिया त्याला समोरचे फळ कापून दाखवतो. मधूनच आंतोनिया ही मोलकरीण हाक मारल्यावर वस्तू आणून देते.

नारळाच्या प्रकरणात तो माडाची सुरा काढण्यापासून सगळे सांगतो. सुरा भट्टीवर चढवली की जे उत्तम मद्य पहिल्याने उतरते, त्यात चिंधी भिजवून पेटवली तर ती जळते, आणि त्याला येथले लोक फुला म्हणतात, म्हणजे फूल. मागाहून येते ती ओराका. तीत थोडा फुला मिसळून ती प्यायची. मिश्रणाची एवढी नेमकी कृती एका वैद्याने लिहिलेली पाहून मी खुर्चीत सरळ बसलो. आपण आजही चांगल्या मालाला पहिल्या धारेचा म्हणतो, तो हाच फुला! काजूची फेणी मात्र त्याच्या पुस्तकात नाही. काजू पोर्तुगीजांनीच ब्राझीलहून आणला, पण ह्या ग्रंथात त्याचे नावही येत नाही. माडाची फेणी जुनी.

भिरंडाला तो ब्रिंदाँव म्हणतो. आतून रक्तासारखे लाल, अतिशय आंबट, रंगाऱ्यांच्या उपयोगी. साली वाळवून त्याचे व्हिनेगर करण्यासाठी समुद्रापार नेतात, असे लिहितो आणि आपल्याला मात्र त्याचा आंबटपणा रुचत नाही हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. कोकमाचे शास्त्रीय नाव गार्सिनिया. ते ह्याच्यावरून पडले असे पुष्कळांना वाटते, मलाही वाटत असे. ते पडले लॉरां गार्सां ह्या अठराव्या शतकातल्या दुसऱ्याच निसर्गशास्त्रज्ञावरून.

आंब्यावर तर त्याचे प्रेमच होते. १५५४ च्या सुमारास मुंबईचे बेट त्याला सरकाराकडून खंडाने मिळाले. होय, सबंध मुंबई. तेथल्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा आंबे धरतात, एकदा मेअखेर आणि एकदा नाताळात, हे तो मोठ्या अभिमानाने सांगतो. फोडी करून नुसत्या खाव्यात किंवा सुवासिक द्राक्षमद्यात घालून खाव्यात असेही सुचवतो. भांगेच्या प्रकरणात गुजरातच्या बहादूरशहाची गोष्ट आहे. त्या सुलतानाने मार्तिम आफोन्सोला सांगितले होते म्हणे की रात्री तुर्कस्तान, पोर्तुगाल, ब्राझील हिंडून यायचे मनात आले की आपण थोडी भांग घेतो. त्या भांगेत जायफळ, जायपत्री, साखर, कापूर काय काय घालतात, तेही गार्सियाने टिपले आहे. आणि पटकीचे वर्णन करताना तिला येथे मोर्शी म्हणतात असे लिहून ठेवले आहे. आपल्या आजीची मोडशी ती!

फूल, भिरंड, मोडशी. साडेचारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाने आमच्या स्वयंपाकघरातले शब्द कान देऊन ऐकले, ते असे. त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर ह्याच किनाऱ्यावर हिंडला. त्याने गोव्याजवळच्या नेरुळची दारू नावाजली आणि तीत आणखी जिनसा घालून इंग्रज जे पेय करीत त्याचे पंच हे नाव आपल्या पाच ह्या आकड्यावरून आल्याचे लिहिले. दारू, लिंबू, साखर, पाणी आणि मसाला अशा पाच जिनसा साधारणपणे सांगतात. जगातल्या साऱ्या कॉकटेलांचे कूळ ह्या पंचाशी जोडतात. चिरंजीवांच्या शेकरातले आणखी काय होते?

येथवरचा गार्सिया रसिक, सुखवस्तू, मित्रांत रमणारा. कामोंइश हा पोर्तुगीजांचा महाकवी गोव्यात त्याचा मित्र होता, आणि कामोंइशची पहिली छापील कविता ह्याच औषधींच्या पुस्तकात आहे. परंतु सगळ्यांच्या खाण्यापिण्याविषयी लिहिणाऱ्या ह्या माणसाने स्वतःच्या घरातल्या सणवारांविषयी एक अक्षर लिहिलेले नाही. त्याचे कारण होते.

१५४७ मध्ये लिस्बनला त्याच्या बहिणींना धर्मन्यायालयाने पकडले होते. सुटल्यावर १५४९ मध्ये आई आणि बहिणी गोव्याला त्याच्या आश्रयाला आल्या. आणि १५६० मध्ये तेच धर्मन्यायालय त्यांच्यामागोमाग गोव्यात आले. पुस्तक छापले गेले तेव्हा ते तीन वर्षांचे झाले होते. त्या न्यायालयाचा पुरावा बहुतेक घरातलाच असे. शुक्रवारी संध्याकाळी दिवा कोण लावते, शनिवारी धुतलेले कपडे कोण घालते, डुकराचे मांस कोण टाळते, कोणत्या दिवशी कोण उपाशी राहते. शेजारी, नोकर, जावई, कोणीही सांगू शके. स्पेनमध्ये असतो तर प्राचीन गॅलेनविरुद्ध बोलण्याची छाती झाली नसती, असे गार्सिया एके ठिकाणी लिहितो. गोव्यात येऊन तो गॅलेनविरुद्ध बोलला. घरात काय बोलत होता ते दाराआड राहिले.

१५६८ मध्ये तो गोव्यात वारला. अंथरुणात, प्रतिष्ठित ख्रिस्ती वैद्य म्हणून. त्याच वर्षी बहीण कातारिनाला अटक झाली आणि २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला जाळण्यात आले. तुरुंगातल्या जबाबांतून निघाले की भाऊही मनाने ज्यूच होता. मग मेलेल्या माणसावर खटला चालला. १५८० च्या डिसेंबरात त्याची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. बँकेत मृताचे खाते बंद करताना आम्ही वारसांना खुर्ची देऊन, पाणी विचारून मग कागद पुढे करीत असू. बारा वर्षांनी थडगे उघडून हिशेब मागणाऱ्यांची ती अदब पाहा.

पुस्तक तोवर हातातून निसटले होते. क्लुसियस ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचे लॅटिन संक्षिप्त रूपांतर १५६७ मध्येच अँटवर्पला छापले आणि युरोपभर वैद्यांनी ते वाचले. पुढे चारशे वर्षांनी, १९७१ मध्ये, पोर्तुगालने वीस एस्कुदोच्या नोटेवर त्याचे चित्र घातले. नोटा मोजण्यात माझी उमर गेली, पण हाडे जाळलेल्या माणसाला त्याच सत्तेच्या देशाने नोटेवर घेतल्याचे दुसरे उदाहरण मला पटकन आठवत नाही.

हे सगळे मी त्या रात्री चिरंजीवांना सांगितले. नातू ऐकता ऐकता झोपला. सौभाग्यवतींनी आपल्या पेल्यातला एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पेला खाली ठेवला. आगळात मुळातच मीठ असते हे चिरंजीव विसरले होते, आणि वर काठालाही मीठ लावले होते. दुसऱ्या दिवशी रोह्याच्या बाजारातून कोकमाच्या सुक्या साली आणल्या, दोन तास कोमट पाण्यात भिजवून कोळून घेतल्या आणि बिनमिठाचा रस काढला. शेकर पुन्हा बाहेर निघाला. ह्या खेपेला तिने अर्धा पेला संपवला, आणि चिमूटभर जिरेपूड घालून पाहा, म्हणाली.