कॉलराचा जंतू कॉख यांनी ओळखला, पण त्याचं विष शोधलं कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी

कॉलरा झालेल्या माणसाच्या अंगातलं पाणी काही तासांत निघून जातं. पण हा जंतू नेमकं करतो तरी काय? रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यात कॉलराचा जंतू ओळखला. मात्र या प्रश्नाचं उत्तर मिळायला आणखी ७५ वर्षं लागली. तेही कोलकात्यातच मिळालं.

शंभूनाथ डे यांचा जन्म १९१५ चा, बंगालमधल्या हुगळी जिल्ह्यातला. घरची परिस्थिती बेताची. कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून ते डॉक्टर झाले, लंडनमध्ये पीएचडी केली आणि १९४९ मध्ये मायदेशी परतले.

तोवर समज असा होता, की जंतू मेल्यावर त्याच्यातून विष सुटतं. प्राण्यांना जंतू टोचून पाहिले, तरी माणसासारखे जुलाब काही होत नव्हते. डे यांचा विचार साधा होता. रोग आतड्याचा आहे, तर तपासायचंही आतड्यातच. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या आतड्याचा एक भाग दोन्ही टोकांना बांधला आणि त्यात जंतू सोडले. तो भाग पाण्याने टम्म फुगला.

मग त्यांनी जंतू वाढवलेलं द्रव गाळून घेतलं. त्यात एकही जंतू उरला नव्हता, तरी आतडं फुगलंच. म्हणजे जंतू विष बाहेर सोडतो, हे सिद्ध झालं. १९५९ मध्ये हे संशोधन 'नेचर'मध्ये छापून आलं.

हे विष म्हणजे एक प्रथिन. घटसर्पाचं विष पेशीला मारतं. कॉलराचं विष मात्र पेशीला जिवंत ठेवून तिचा एक खटका कायमचा चालू करतं. त्यामुळे क्षार आणि पाणी आतड्यात वाहत राहतं. पेशी जिवंत असल्यामुळेच साखर-मिठाचं पाणी शोषलं जातं आणि ओआरएस लागू पडतं. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत याच पाण्याने असंख्य जीव वाचले.

डे १९७३ मध्ये निवृत्त झाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेलसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं, पण पुरस्कार मिळाला नाही. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना हयातीत फेलो केलं नाही. १५ एप्रिल १९८५ रोजी ते गेले. पाच वर्षांनी, १९९० मध्ये, 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला.