सामुएल हानेमान

सामुएल हानेमान (१० एप्रिल १७५५, माइसेन, सॅक्सनी – २ जुलै १८४३, पॅरिस) हे जर्मन वैद्य व होमिओपॅथीचे जनक होते. रक्तमोक्षणासारख्या तत्कालीन उपचारांना त्यांचा विरोध होता. १८१० मध्ये त्यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. रुग्णतपासणीची रीत त्यांनी या ग्रंथात घालून दिली. रुग्णाने आपली व्यथा स्वतःच्या शब्दांत सांगावी. वैद्याने मध्ये न बोलता प्रत्येक लक्षण नव्या ओळीवर लिहावे. केवळ 'होय-नाही' अशी उत्तरे येतील असे प्रश्न टाळावेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. झोप, तहान, मनःस्थिती व पूर्वीची औषधे यांचीही ते चौकशी करीत. होमिओपॅथीच्या औषधांची परिणामकारकता वैज्ञानिक कसोट्यांवर सिद्ध झालेली नाही. तथापि पहिल्या भेटीतील सविस्तर विचारपूस या पद्धतीत आजही रूढ आहे.