पाखरांच्या पायातील कडे

सलीम अली यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. आईवडील लवकर वारले. मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. एकदा छोट्या सलीमने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता येईना. त्यांनी सलीमला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील मिलार्डसाहेबांनी नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेले कितीतरी पक्षी दाखवले. मुलाला पाखरांचे वेड लागले ते कायमचे.

पुढे पक्षिशास्त्र शिकायला ते जर्मनीला गेले. तेथे हेल्गोलँड बेटावर पक्षी न मारता जाळ्यात धरत आणि पायात कडे घालून सोडून देत. ही रीत त्यांनी शिकून घेतली. परतल्यावर मात्र नोकरी नव्हती. मग अलिबागजवळच्या किहीम गावी राहून ते सुगरणीची घरटी न्याहाळत बसले!

१९५७ साली आजच्या कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली. माणसेही तापाने दगावली. हा रोग सायबेरियाहून येणारे पक्षी आणतात की काय, अशी शंका आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सलीम अलींनी भरतपूर व इतर ठिकाणी हजारो पक्ष्यांना हलकी कडी घातली. प्रत्येक कड्यावर क्रमांक आणि सोसायटीचे नाव. भरतपूरला सोडलेल्या बदकांची खबर खरोखरच सायबेरियातून आली. रोगाचा आळ मात्र पक्ष्यांवर सिद्ध झाला नाही.

१९८७ साली मुंबईत त्यांचे निधन झाले. कडी घालण्याचे काम सोसायटीने पुढे चालू ठेवले. असा पक्षी सापडल्यास क्रमांक लिहून घ्यावा व सोसायटीला कळवावा.