अंगणात आलेली शाळा

अंगणवाडी हा शब्द आज इतका रुळला आहे, की तो कधीकाळी कुणीतरी पहिल्यांदा उच्चारला असेल हे मनातही येत नाही. सरकारी फायलींत तो आहे, मोर्चांच्या फलकांवर आहे, देशभरातल्या सुमारे १४ लाख केंद्रांच्या पाट्यांवर आहे. मराठीचा गंधही नसलेली माणसे तो आपलाच समजून वापरतात. पण त्याचे मूळ शोधत गेले, तर आपण पोहोचतो डहाणूजवळच्या बोर्डी गावात, समुद्राच्या वाऱ्यावर डोलणाऱ्या चिकूच्या वाड्यांपलीकडच्या एका दलित वस्तीत. तिथल्या एका शेणाने सारवलेल्या अंगणात पन्नाशी ओलांडलेली एक बाई शाळा घेऊन आली होती. तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म मुंबईचा, १९ एप्रिल १८९२ चा. वडील सदाशिवराव केळकर प्रार्थना समाजाचे निष्ठावंत. आई उमाबाई या विधवा होत्या आणि सदाशिवरावांशी त्यांनी पुनर्विवाह केला होता. त्या काळी असे लग्न करणाऱ्या जोडप्याला आणि त्यांच्या मुलांना समाजाकडून काय काय सोसावे लागे, हे वेगळे सांगायला नको. पण त्याच घराने ताराबाईंना शिक्षण दिले आणि चारचौघांविरुद्ध उभे राहण्याची सवयही दिली. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या स्त्री पदवीधर तेव्हा मोजक्याच होत्या.

पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाला. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले आणि लहानग्या प्रभाला घेऊन ताराबाई एकट्या उभ्या राहिल्या. राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदी त्यांची नेमणूक झाली. त्या जागेवर बसणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांच्याकडे पाहिले जाऊ लागले. पगार चांगला, मान मोठा, राहायची सोय. एकट्या आईने याहून अधिक काय मागावे? दोन वर्षांच्या आत ताराबाईंनी हे सारे सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. कारण होते एक बालमंदिर.

या बालमंदिराची हकीकत सांगायची तर गिजुभाई बधेकांपासून सुरुवात करायला हवी. गिजुभाई वकील. नशीब काढायला ते पूर्व आफ्रिकेतही जाऊन आले होते. परत येऊन वकिली बऱ्यापैकी चालू झाली, मुलगा झाला, आणि या मुलाला शिकवायचे कसे, या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यांच्या स्वतःच्या आठवणीतली शाळा म्हणजे छडी, घोकंपट्टी आणि भीती. मुलाला तिथे पाठवायला मन धजेना. कुणीतरी मारिया माँटेसरींचे पुस्तक हाती दिले आणि वकिलीचे पुस्तक मिटले. नानाभाई भट्टांनी काढलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई दाखल झाले आणि १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. पुढे ते भावनगरच्या तख्तेश्वर टेकडीवरच्या इमारतीत गेले. गुजरातने त्यांना मूछाळी मा म्हटले, म्हणजे मिशा असलेली आई. एखाद्या शिक्षकाला याहून गोड पदवी मिळाल्याचे निदान मला तरी ठाऊक नाही.

ताराबाई १९२३ साली या टेकडीवर आल्या तेव्हा त्या नावाने शिक्षिका होत्या, पण प्रत्यक्षात पहिल्यांदा विद्यार्थिनीच झाल्या. शाळा अशीही असते हे त्यांना मुलांच्या बरोबरीने सतरंजीवर बसून शिकावे लागले. इथे घंटा झाली की रांगेत बसायचे नव्हते. खोलीत मुलांचा हात पोहोचेल अशा बुटक्या फळ्या. त्यांवर लाकडी दट्ट्ये, रंगांच्या पट्ट्या, बोट फिरवून ओळखायची खरखरीत कागदाची अक्षरे. ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे, मन भरेपर्यंत करावे आणि जागेवर ठेवून द्यावे. एक मूल तासभर ठोकळे रचत बसले तर त्याला उठवायचे नाही. मध्येच शांतीचा खेळ व्हायचा. सारी मुले डोळे मिटून बसत, टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरे, आणि ती छडीच्या धाकाने आलेली नसे.

हे सगळे माँटेसरीबाईंचे. पण गिजुभाईंनी त्यात आपल्या मातीतले किती मिसळले! लोककथा, रासगरबे, चिखलमातीची भांडी, बागकाम, पाखरे आणि किडेमुंग्या पाहत केलेल्या भटकंत्या, आणि पाठांतराशिवाय केलेली नाटके. गोष्ट सांगणे हे तर त्यांचे मुख्य हत्यार. राजा-राणीची, चिमणी-कावळ्याची गोष्ट शिक्षणात बसते का, म्हणून त्या काळच्या पंडितांनी नाके मुरडली. गिजुभाई गोष्टी सांगत राहिले. ताराबाईही सांगू लागल्या, लिहू लागल्या, आणि परक्या भाषेत, गुजरातीत लिहू लागल्या. शिक्षणपत्रिका या मासिकाचे काम त्यांनी गिजुभाईंबरोबर पाहिले आणि पुढे त्याची मराठी आवृत्ती काढली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षक तयार करण्याचे अध्यापन मंदिरही चालू होते. तिथे येणाऱ्यांना आधी मुलांकडे नुसते पाहायला सांगत. काही बोलायचे नाही, दुरुस्त करायचे नाही, फक्त पाहायचे. मोठ्या माणसाला ही शिक्षा किती अवघड, ते घरात तीन वर्षांचे मूल असलेल्या कुणालाही विचारा.

सुमारे नऊ वर्षे ताराबाई भावनगरला होत्या. ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे असावेत, असे त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहून वाटते, कारण जिथे जिथे त्या गेल्या तिथे त्यांनी ती टेकडीच पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न केला.

मात्र त्या टेकडीवर एक उणीव होती. तिथे येणारी बहुतेक मुले खात्यापित्या घरची होती. साधने महाग, इमारत छान, शिक्षक निवडक. हे सारे परवडणाऱ्यांसाठीच होते. १९३१ साली लंडनमध्ये गांधीजी माँटेसरीबाईंच्या संस्थेत गेले, तेव्हा त्यांच्याही मनात हाच सल होता: हिंदुस्थानातल्या गरिबांच्या लाखो मुलांपर्यंत हे कधी पोहोचणार? ताराबाईंचे पुढचे सगळे आयुष्य म्हणजे या प्रश्नाचे उत्तर आहे. अर्थात ते एकदम मिळाले नाही.

१९३६ साली त्यांनी मुंबईत, दादरला शिशुविहार सुरू केला. दादर तेव्हा शिकलेल्या मराठी मध्यमवर्गाची राजधानीच होती. नोकरदार वडील, वाचणारी आई, मुलाच्या भवितव्याची काळजी. शिशुविहारला मुले मिळाली आणि त्यांच्यामागून पालकांच्या शंकाही आल्या. नुसते खेळून काय होणार? पाढे केव्हा? शेजारच्याचा मुलगा लिहायला लागला, आमचा अजून मणीच ओवतोय! ताराबाईंनी या पालकांसाठीही लिहिले. बालकांचा हट्ट यासारख्या पुस्तकातून त्या पालकांना सांगू पाहत होत्या, की मुलाचा हट्ट म्हणजे दरवेळी खोडी नव्हे, त्यामागे त्याची काही गरज असते. आज शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तीन वर्षांच्या मुलाला प्रश्नोत्तरे पाठ करून घेणारे आईबाप पाहिले, की हे पुस्तक पुन्हा घरोघरी वाटावेसे वाटते. दादरलाच बालशिक्षिका तयार करण्याचे वर्गही चालू झाले आणि तिथून शिकून गेलेल्या बायकांनी ठिकठिकाणी बालवाड्या काढल्या.

१९३९ मध्ये गिजुभाई गेले. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि या पद्धतीला एकदम प्रतिष्ठा मिळाली. शहरांतून बालमंदिरे निघू लागली. ताराबाईंना दादरमध्येच राहून या क्षेत्रातली सर्वमान्य वडीलधारी होता आले असते. वय झाले होते, नाव झाले होते. आणि १९४५ साली, त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले.

बोर्डी निवडण्याला कारण होते. आचार्य भिसे आणि आचार्य चित्रे यांच्यामुळे हे समुद्रकाठचे गाव शिक्षणाचे ठिकाण म्हणून ओळखले जात होते. पण गावाबाहेर पडले की दुसरेच जग लागे. सावकार आणि जमीनदारांच्या वेठबिगारीत पिचलेला वारली समाज त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली उठला होता. मोठी माणसे वेठ नाकारत होती, आणि त्यांची मुले? ती उघडीवाघडी, खरूज-नायट्याने बेजार, गुरांमागे नाही तर धाकट्या भावंडांमागे दिवस काढत होती.

इथे ताराबाईंना साथ मिळाली अनुताई वाघांची. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग जिद्दीने शिक्षण आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिकेची नोकरी, असा अनुताईंचा प्रवास झाला होता. वयात अठरा वर्षांचे अंतर. एकीजवळ विचार आणि अनुभव, दुसरीजवळ न थकणारे पाय. अनुताई आल्या त्या आयुष्यभरासाठी.

केंद्र तर उघडले. गावातली मुले येऊ लागली. दलित वस्तीतली मुले मात्र येईनात. बोलावणे धाडले, समजूत घातली, तरी येईनात. यायची कशी? गावातल्या मुलांशेजारी बसायचे धाडस कुठून आणायचे? अंगावर धड कपडा नाही, आई कामावर गेलेली, हाताला धरून आणणारे कुणी नाही. इतर कुणी असते तर या लोकांना शिक्षणाची किंमतच नाही, असे म्हणून हात झटकले असते. तसे म्हणणारे त्या वेळी होते आणि आजही भेटतात. ताराबाईंनी उलटा विचार केला. मूल शाळेत येत नाही ना, मग शाळेने मुलाकडे जायचे.

सकाळी शिक्षिका वस्तीत जात. आधी अंगण झाडायचे. मग पाणी काढून मुलांना आंघोळी घालायच्या, केस विंचरायचे, नखे काढायची, खरजेला औषध लावायचे. ज्या काळात या वस्तीतल्या माणसाची सावलीही अनेकांना चालत नव्हती, त्या काळात पांढरपेशा घरातल्या बायका दलितांची लेकरे न्हाऊ घालत होत्या. गावात याची चर्चा झाली नसेल असे कोण म्हणेल? आया आधी दाराआडून पाहत, मग अंगणात येत. आंघोळी झाल्या की गाणे, गोष्ट, मग खेळ. मुलांच्या आयांना आणि मोठ्या बहिणींनाही हे सारे दिसत होते; बंद वर्गात असते तर दिसले नसते. अंगणात भरणारी ही बालवाडी म्हणून अंगणवाडी. गावातली मुख्य बालवाडी मग मध्यवर्ती बालवाडी झाली.

आणि साधने? दादरची महागडी लाकडी पेटी इथे कुठून येणार? पण समुद्र होता. शंख-शिंपले होते, चिंचोके होते, गुंजा होत्या, झावळ्या, बांबू, पाने, फुले, खडे होते. लहान-मोठे ओळखायला बांबूच्या तुकड्यांची उतरंड, मोजायला चिंचोके, रंग ओळखायला पाने-फुले. माँटेसरीच्या साधनामागे जे शास्त्र आहे ते त्यांनी सोडले नाही, त्याचे लाकूड तेवढे सोडले. ज्यांना या दोन्हींतला फरक कळत नाही, अशी महागडी बालमंदिरे पुढे शहरांतून किती निघाली! माझ्या मते ताराबाईंचे मोठेपण इथे आहे. पद्धत आयात करणारे पुष्कळ असतात, ती शिंपल्यात उतरवणारा विरळा.

१९५७ मध्ये त्यांनी काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले, थेट आदिवासी पाड्यांच्या मधोमध. पासष्टाव्या वर्षी पुन्हा एक टेकडी! इथला पेच वेगळा होता. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड. मुलगा येत नाही, कारण त्याच्यामागे गुरे. यावर सक्तीचा कायदा काय करणार? कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आली. मोठीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि शेजारच्या वर्गात बसावे. विकासवाडी म्हणतात ती हीच. गुराख्यांसाठी शाळाच कुरणावर गेली. गुरे चरताहेत, झाडाखाली मुले शिकताहेत, अशी ही कुरणशाळा. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा. अभ्यासक्रमातले धडे आदिवासींच्या जगण्याशी जुळत नाहीत, मग मुले पळतात, हेही त्यांनी पाहिले आणि झाडे, पाखरे, शेती, पाऊस यांतून शिकवणे सुरू केले.

सरकार-दरबारी मान मिळाले. त्या मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या, प्राथमिक शिक्षणाच्या समित्यांवर होत्या, १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही.

१९७३ साली ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांपासून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिले अंगणवाडी. योजनेबरोबर शब्द देशभर गेला. त्यातून पोषण, लसीकरण, वजनाचे काटे ही मोठी कामे झाली, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण कित्येक केंद्रांत खिचडी शिजते, नोंदवह्या भरल्या जातात आणि गोष्ट सांगायची राहून जाते. एकट्या सेविकेवर इतकी कामे लादल्यावर तिला तरी दोष कसा द्यायचा?

कोसबाडच्या टेकडीवर अनुताई राहिल्या. १९९२ साली डोळे मिटेपर्यंत त्यांनी तिथले पाळणाघर, बालवाडी आणि कुरणावरची शाळा सांभाळली.